गरुडाला लावलेलं कुंकू

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळपासून गाडी धुते आहे. गाडी म्हणजे माझी जुनी, पांढरी, छोटी गाडी. निवृत्तीनंतर हिंगोलीच्या बाजारात भाजी आणायला पुरते. विळी, कात्री, शिलाई मशीन आणि अंगणातली कुदळ पुसून ओट्यावर ठेवली आहेत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मॅडम, नोकरी सोडली तरी तुमची नवमी ठाण्यावानीच चालू हाय की!" मी हसले. बॉनेट पुसताना माझा हात दर वर्षी थोडा थांबतो आणि ती केस डोळ्यांपुढे येते. यंदा ती लिहून काढते. कुणाचंही नाव देणार नाही. गाडीच्या कंपनीचंही नाही.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याची प्रभारी होते. हद्दीतलं एक गाव कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला लागून. तिथल्या एका मोठ्या शेतकरी घरात दोन भाऊ. घर एकच, मधे भिंत घालून दोन दारं केलेली. थोरले शेती पाहायचे. धाकटे पुण्यात शिकले, तिथेच धंद्यात जम बसवून गावी परतले आणि येताना एक जुनी पण लखलखीत परदेशी गाडी घेऊन आले. बॉनेटच्या टोकाला पंख पसरलेला बोटभर उंचीचा रुपेरी गरुड.

गाडीचं कौतुक एका आठवड्यात संपलं असतं, पण धाकट्यांनी ते संपू दिलं नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ते रोज संध्याकाळी कंपनीचा इतिहास सांगायचे. युरोपातल्या एका गावात दोन भाऊ घोडागाड्या बनवायचे. धाकट्यानं घोडागाडीला इंजिन बसवलं. थोरला म्हणाला, घोडंच बरं. धाकट्यानं ऐकलं नाही, कंपनी काढली, राजेरजवाडे दारात रांगा लावू लागले. लढाईत कारखाना जळाला, पुन्हा उभा केला. आजही गरुड हातानं घासून चमकवतात, यंत्राला हात लावू देत नाहीत. निजामाच्या एका सरदारानंही ही गाडी मागवली होती म्हणे. शेवट ठरलेला असायचा: "थोरल्याचं ऐकलं असतं तर आजही घोडेच हाकत बसले असते!" टपरी हसायची. थोरले बहुतेक वेळा तिथेच, कोपऱ्यातल्या बाकावर असायचे. तेही हसायचे.

लग्नसराईत आणखी एक बदल झाला. आधी दहा गावांतले नवरदेव थोरल्यांच्या जीपमधून मिरवायचे. थोरले स्वतः फेटा बांधून जीप चालवायचे. आता नवरदेवाचे मामा थेट धाकट्यांच्या दारात यायचे. गरुडाच्या गळ्यात झेंडूची माळ, मागे वरात. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली.

नवरात्र बसायच्या आधी धाकट्यांनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. गरुड चोरीला गेला होता आणि बॉनेटवर ओरखडे होते. संशयित म्हणून त्यांनी गावातल्या एका मेंढपाळाच्या मुलीचं नाव सांगितलं.

"तिच्यावरच संशय कशावरून?" मी विचारलं.

"साऱ्या गावासमोर धमकी दिली तिनं, मॅडम. शेळी बॉनेटवर चढली म्हणून मी बोललो, तर म्हणते, लई कौतुक करून राहिले त्या पाखराचं, एक दिस माही शेळीच खाऊन टाकीन त्याला."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो रजिस्टर उघडून बसला.

या मुलीला मी ओळखत होते. तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावायची. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती. मैदान, लेखी, वैद्यकीय, सगळं पार. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, आणि ती आमच्याच ठाण्याकडे आलेली. तिच्यावर गुन्हा नोंद आहे का, एवढं मी लिहून द्यायचं होतं. फिर्यादीत संशयित म्हणून नाव आलेलं असताना मी "नाही" लिहू शकत नव्हते, आणि "आहे" लिहिलं की त्या पोरीची वर्दी गेली.

त्याच दिवशी ठाण्यात फोन आला. आवाज दाबून बोलणारा एक तरुण: "ती पोरगी पाना घेऊन गाडीपाशी उभी होती. म्या पाह्यलं." नाव विचारताच फोन ठेवला.

मुलीला बापासह बोलावलं. बाप दाराबाहेर घोंगडी अंथरून बसला. मुलगी माझ्यासमोर सरळ उभी राहिली. इतक्या वर्षांत माझ्यापुढे आलेली निर्दोष माणसं बहुतेक वेळा चिडली तरी आहेत किंवा रडली तरी आहेत. ही दोन्ही करत नव्हती. घाबरलेली होती, पण विचारलं तेवढंच बोलत होती.

"धमकी दिलीस?"

"व्हय. गंमतीनं बोलले. ते माह्या बापाला लय वंगाळ बोलले म्हणून."

"गरुड घेतलास?"

"न्हाई. मॅडम, घेऊन काय करू? शेळीच्या गळ्यात बांधू?" मग आवाज उतरला. "माहं नाव त्या कागदावर र्‍हायलं तर माह्यासाठी सगळं संपलं. गावात लय जणांना तेच पायजे."

"कुणाला?"

"कुणाला न्हाई ते विचारा, मॅडम. थोडी नावं निघतील."

मी गाडी पाहायला गेले. सोबत वाशीम रस्त्यावरचा एक मेकॅनिक. त्यानं बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि मला एक साधी गोष्ट सांगितली: गरुडाचा नट खालून, बॉनेटच्या आत आहे. वरून ओढून तो निघत नाही. बॉनेट उघडायचं तर गाडीच्या आतला खटका ओढावा लागतो, आणि त्यासाठी गाडीला किल्ली लागते. काच फुटलेली नव्हती, दार वाकलेलं नव्हतं. ओरखडे शेळीच्या खुरांचेच होते, पण गरुड किल्लीनं दार उघडून, नट फिरवून, नीट काढलेला होता. किल्ली दोन्ही घरांच्या मधल्या पडवीत खुंटीला असायची.

म्हणजे चोर घरातला होता.

आधी संशय गेला धाकट्यांच्या मुलावर. त्या निनावी फोनचा नंबर त्याच्या मित्राचा निघाला, पण बोललेला हाच होता. पोरगं चोवीस-पंचवीसचं, अंगानं दणकट. त्याच भरतीत उतरलेलं आणि धावण्यात बाद झालेलं. समोर बसवलं, पाणी दिलं.

"फोन काहून केलास?"

मान खाली. "म्या गरुड न्हाई काढला, मॅडम. आईची आण."

"फोन काहून केला, ते विचारलं."

"तिचं झालं. माहं न्हाई झालं." मग म्हणाला, "मेंढरामागं फिरणारी पोर. आमच्या घरी एवढी गाडी उभी, अन लोकं मला विचारतात, ती कितीनं पास झाली रे?"

हे मला नवं नव्हतं, तरी लक्षात राहिलं. ज्या घराच्या दाराकडे अख्खं गाव जळून पाहत होतं, त्याच घरातलं पोरगं मेंढपाळाच्या झोपडीकडे पाहून जळत होतं. बापाला मुलाच्या फोनबद्दल ठाऊक नव्हतं, पण संशयित म्हणून त्या मुलीचं नाव त्यांच्या तोंडी इतक्या सहज का आलं, तेही मला तिथेच कळलं.

मुलाला समज देऊन सोडलं. राहिले थोरले. पण संशयावर त्यांच्या घरात झडती घेणं सोपं नव्हतं. गावात मान, दोन पंचायतींत शब्द, आणि पुरावा शून्य. गरुड विहिरीत टाकला असेल तर झडतीत काही मिळणार नाही आणि वर ठाण्याची शोभा होईल. अहवाल मागणारं स्मरणपत्र जिल्ह्याहून आलं होतं. दसऱ्याची सुट्टी संपली की मला उत्तर द्यावंच लागणार होतं.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजन असतं. रायफली, काठ्या, बेड्या, वायरलेस, जीप, सगळ्यांना हळदकुंकू. आमचे जुने हवालदार ताम्हन घेऊन आवारात गेले आणि जप्त केलेल्या मोटारसायकलींनाही कुंकू लावू लागले.

मी म्हटलं, "अहो, तो मुद्देमाल आहे. चोरीच्या गाड्या त्या."

"असू द्या की, मॅडम. आपल्या आवारात उभ्या हायेत ना? आजच्या दिशी घरातल्या लोखंडाला कोरडं ठेवलं तर मनाला बरं वाटत न्हाई."

मी तिथेच थांबले. ज्याच्या घरात तो गरुड असेल, त्याच्याही मनाला बरं वाटणार नव्हतं. आमच्याकडचा शेतकरी साधा खिळा काढायचा चिमटाही नवमीला उपाशी ठेवत नाही. त्यात हा तर गरुड. विष्णूचं वाहन. फेकायचा असता तर पहिल्याच दिवशी फेकला असता. ठेवला असेल, तर आज त्याची पूजा होणार आणि मांडणी उद्या दसऱ्यापर्यंत हलणार नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी कुणी कुणाच्याही घरी आपट्याची पानं घेऊन जातं. त्याला झडतीचा आदेश लागत नाही. मी साडी नेसले, हवालदारांना साध्या कपड्यांत बरोबर घेतलं आणि गावात सोनं वाटायला गेले. चार-पाच घरं झाल्यावर थोरल्यांच्या दारात.

"या, या, मॅडम. सोनं घ्या." त्यांनी पान दिलं, मी दिलं. त्यांच्या बायकोनं पाट मांडला. देवघराच्या शेजारी चौरंगावर पूजा होती: विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची किल्ली, जीपची किल्ली. आणि सगळ्यांच्या मागे, देवांच्या अगदी जवळ, झेंडूचं फूल वाहिलेला, कपाळाला कुंकू असलेला रुपेरी गरुड.

थोरल्यांनी माझी नजर पाहिली आणि बायकोला म्हणाले, "चहा टाक." ती आत गेली.

"दादा, विहिरीत का नाही टाकलात?"

"टाकायलाच निघालो होतो. हात न्हाई झाला." ते चौरंगापाशी बसले. "मॅडम, तो टपरीवर अर्धंच सांगायचा. म्या मोबाईलवर सगळं ऐकलं. पहिला सांगाडा थोरल्या भावानं केला. त्याच्यावर धाकट्यानं इंजिन बसवलं. अन हा गरुड थोरल्यानंच घोडागाडीच्या दारावर पहिल्यांदा कोरला. नाव धाकट्याचं झालं. थोरला लोकांच्या हसण्यापुरता उरला." त्यांचा आवाज चढला नाही. "म्या औत हाकलं म्हणून हा पुण्याला शिकला. अन मलाच रोज घोडेवाला म्हणून राहिला. साऱ्या गावासमोर."

"आणि ती पोरगी? तिची नोकरी हातची जाणार होती, हे माहीत होतं?"

ते पहिल्यांदा खाली पाहू लागले. "माहीत व्हतं."

"मग?"

"वाटलं, पोलीस सोडून देतील."

त्यांचा राग मला समजत होता. या शेवटच्या वाक्यानंतर मला त्यांची दया येईना.

पंच बोलावले, पंचनामा केला, थोरल्यांना नोटीस दिली. भिंतीपलीकडून धाकटे धावत आले. गरुड पाहिला, भावाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, मला तक्रार चालवायची न्हाई. घरातलं हाय. सख्खा भाऊ हाय माहा."

मी म्हटलं, "तुमच्या भावाचं कोर्ट बघेल. त्या पोरीचं नाव लिहून देताना तीही कुणाची तरी लेक आहे हे नाही आठवलं? बसा इथे. आधी तिच्याबद्दल पुरवणी जबाब द्या."

त्यांनी दिला. संशय गैरसमजातून घेतला, तिचा गुन्ह्याशी संबंध नाही, असं सही करून दिलं. गरुड सील करताना हवालदार फुंकर मारून कुंकू पुसायला गेले. मी थांबवलं. कुंकू हाच पुरावा होता.

लोक म्हणतात, हेवा गरिबाला श्रीमंताचा वाटतो. माझ्या नोकरीत मी उलटंही तितकंच पाहिलं. ज्याच्या दारात गरुडाची गाडी, त्याच्या घराला एका घोंगडीवाल्याच्या पोरीचं धावणं सहन होत नाही. आणि ज्याचं सगळं गाव ऐकतं, त्याला टपरीवरचं एक हसू वर्षभर टोचतं. मोठ्या नावाच्या वस्तू आपण विकत आणतो, पण त्या नावाबरोबर घरात आणखी काय येतं, ते आणताना कुणी बघत नाही. म्हणून नंतर कुठल्याही चौकशीत मी एक प्रश्न नेहमी आधी विचारायचे: या घरात अलीकडे कुणाचं काय चांगलं झालं? बहुतेक वेळा धागा तिथेच सापडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडताळणीचा अहवाल स्वतः टाइप केला. गुन्हा नोंद नाही, चारित्र्य चांगलं. सही केली, शिक्का मारला. कारकून म्हणाला, "टपालात टाकतो, मॅडम." मी नको म्हटलं. जीप काढली आणि तो कागद स्वतः हिंगोलीला नेऊन दिला, पोच घेतली. टपालानं गेला असता तर तीन-चार दिवस लागले असते, आणि तेवढ्या दिवसांत त्या गावात आणखी कुणाला तरी काहीतरी दिसलं असतं.