बा म्हणजे कोण

नेवासा फाट्यावर नाशिकची एस.टी. आली, तेव्हा बानं माझी पत्र्याची पेटी स्वतः टपावर चढवली. खाली उतरून मुंडासं सावरलं, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "पोचल्याव कार्ड टाक." एवढंच. एकाहत्तरचा उन्हाळा. मी वीस वर्षांचा, नुकताच फिटर झालेला, बडोद्याच्या एका कारखान्यात नोकरी लागलेली. आई मी तीन वर्षांचा असतानाच गेली. तेव्हापासून भाकरी थापणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं बापानंच केलं. त्याला एकटं टाकून मी निघालो होतो. एस.टी. हलली तरी तो तिथंच उभा होता.

बडोद्याला एका वयस्कर विधवेच्या घरात माडीवरची खोली मिळाली. पहिल्याच सकाळी गल्लीतली मुलं खालून ओरडली, "बा! ओ बा!" मी दचकून खिडकीत गेलो. वाटलं, बा मागोमाग आला की काय! पण पांढरं लुगडं नेसलेली घरमालकीण "शुं छे?" म्हणत बाहेर येत होती. गुजरातीत बा म्हणजे आई, हे मला असं कळलं. सगळी गल्ली तिला बाच म्हणायची. माझी मात्र जीभ वळेना. बापाला मारायची हाक एका बाईला कशी मारायची? मी तिला मावशी म्हणायचो. तिला ते लागत असावं. तरी माझं ताट झाकून जिन्यावर ठेवायची.

कारखान्यात माझ्या शेजारी हुबळीचा बसप्पा काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तो मला हाक मारायचा, "बा, बा." त्याच्या कानडीत बा म्हणजे ये. तुम्हा गावाकडच्यांना हे पत्रात लिहिलं होतं तेव्हा तुम्ही हसला होतात. मलाही हसू यायचं. आमच्याकडं बापाचा असलेला शब्द, शंभर कोसांवर आईचा झालेला, आणि हा परका माणूस तोच शब्द उच्चारून मला जेवायला बोलावत होता.

पुढच्या वर्षी आपल्याकडं पाऊस झाला नाही. दिवाळीनंतर माझ्या डाव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये चेंगरली. मी कार्ड टाकलं आणि आठवड्याभरात बा दारात हजर. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताची सालटी निघालेली, गाठोड्यात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी.

"चल घरी," म्हणाला. "बोटं तोडून घ्याया न्हाई धाडलं तुला."

हात जरा बरा होईपर्यंत थांबायचं ठरलं. त्या दिवसांत खालून कुणी "बा!" म्हटलं की बा आणि घरमालकीण दोघंही ओ द्यायची. ती गुजरातीत बोलायची, हा नेवाशाच्या बोलीत, आणि गप्पा अडायच्या नाहीत. मिलोची भाकरी तिनं दुधात कुस्करून खाल्ली, वर "सारी छे" म्हणून चांगली झाल्याची दाद दिली.

एका सकाळी ती माझी जखम धूत होती. बा तांब्या धरून बसला होता. चिकटलेली पट्टी सुटेना, म्हणून ती हळूहळू फुंकर घालत होती. आईचा चेहरा मला आठवत नाही. कळ आली आणि तोंडातून निघून गेलं, "बा!" दोघांनीही एकदम माझ्याकडं पाहिलं. हाक कुणाला मारली, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बानं गाठोडं बांधलं. मी कपडे आवरायला लागलो, तर त्यानं माझा हात धरला.

"तू ऱ्हा हितं. मला आता घोर न्हाई."

मग खाली जाऊन त्यानं घरमालकिणीला हात जोडले. ती त्याच्यापेक्षा फार मोठी नव्हती. तरी म्हणाला, "पोरगं तुमच्या पदरात हाय, बा."

"चिंता न करशो, भाई," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. त्या दिवसापासून मीही तिला बा म्हणू लागलो.

आता दोघंही नाहीत. माझी मुलं मला पप्पा म्हणतात, घर बडोद्यात आहे, आणि गावी आलो की तुम्ही विचारता, तुझं खरं घर कोणतं. बडोद्याच्या गल्लीत कुणी "बा" म्हटलं की मला मुंडासं बांधलेला माणूस दिसतो. आणि नेवाशाच्या बाजारात तीच हाक ऐकली की पांढऱ्या लुगड्यातली बाई.