खोळंबलेली कळ

माझे मोठे दीर इमारती रंगवतात. एरवी खमका माणूस, पण बोटात कुसळ गेलं की घर डोक्यावर घेतात. जाऊबाई नुसती सुई हातात घेतात तोवर यांचं सुरू, "आई गं! हळू, जीव घेतेस का!" म्हणून घरात त्यांचं टोपणनावच 'आईगं'.

त्यांच्या जोडीला त्यांचे साडू. जाऊबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघांचं एक मिनिटही पटत नाही आणि एकमेकांवाचून कामही होत नाही. साडू दोराला टांगलेल्या फळीवर बसून भिंत रंगवतात. दोर गच्चीवरच्या कप्पीतून खाली येतो, भाऊजी तो खालच्या खांबाला वेढे देऊन धरतात आणि थोडा थोडा सोडतात. खरा भार खांब पेलतो.

त्या दिवशी मी भाऊजींचा डबा घेऊन गेले, तर दोर खांबाला नव्हताच. त्यांनी तो स्वतःच्या पाठीमागून घेऊन हातात धरला होता.

"असा का धरलात?"

"अगं, कालच ऑइलपेंट मारलाय खांबाला. वाळला नाही अजून. दोराने सगळा खरवडून निघेल."

वरून, तिसऱ्या मजल्यावरून, साडू ओरडले, "गप्पा मारायला ठेवलंय का रे तुला? सोड जरा!" आणि कोपऱ्यापर्यंत ब्रश पोहोचावा म्हणून ते बाजूला झुकले. फळी झोकांडली. दोराला हिसका बसला आणि तो भाऊजींच्या हातांतून सरसरत वर निघाला.

भाऊजींनी मुठी आवळल्या, भिंतीला पाय रोवले. दोर थांबला.

मी धावले, पण हात कुठे लावावा तेच कळेना. "मागून दोराचं शेपूट धर फक्त," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. मग एकेक हात बदलत त्यांनी फळी खाली आणायला सुरुवात केली. त्यांच्या हातांतून वर जाणारा दोर लाल होता. मला वाटलं, रंगाच्या डब्यात पडला असेल.

साडूंचे पाय जमिनीला लागले. "झोपला होतास काय रे?" असं म्हणत ते वळले आणि त्यांची नजर भाऊजींच्या हातांवर गेली. तेव्हा भाऊजींनीही खाली पाहिलं. तळव्यांवर कातडी नव्हती.

आणि मग कळ आली. इतका वेळ दाराबाहेर खोळंबलेली ती कळ एकदम आत घुसावी तशी. माणूस गुडघ्यांवर कोसळला. ते ओरडणं मी विसरणार नाही.

दवाखान्यात पट्ट्या बांधून झाल्यावर जाऊबाईंची बहीण भाऊजींच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय ओढून घेतले. "नको गं. दुखत असताना दोर धरला असता तर गोष्ट वेगळी. मला काही जाणवलंच नाही." मग डॉक्टरीणबाईंना त्यांनी हळूच विचारलं, "दुखलं असतं, तर सोडला असता का हो मी?"

"ते मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण जखम फक्त बातमी पाठवते, काका. ती किती मोठ्याने ऐकायची ते मेंदू ठरवतो. त्याहून मोठं संकट समोर असलं की तो पाठीच्या कण्यात निरोप धाडतो, आत्ता गप्प बसा. अफूसारखं काम करणारी रसायनं तो स्वतःच बनवतो."

मी थक्क होऊन भाऊजींच्या कपाळाकडे बघत राहिले. नेहमीचंच आठ्यांचं कपाळ. त्याच्या मागे, कुणाला न विचारता, डोळ्याचं पातं लवायच्या आत एवढा मोठा निवाडा झाला होता!

"म्हणजे ठरवलं कुणी?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्याच मेंदूने. त्या क्षणी तुमच्या हातांपेक्षा हे जास्त महत्त्वाचे, असं." त्यांनी साडूंकडे बोट दाखवलं.

भाऊजींनी साडूंना वरपासून खालपर्यंत निरखलं. "हा?" ते म्हणाले. "हा एवढा महत्त्वाचा?"

आम्ही सगळे हसलो. साडूही हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही. डोळे पुसत ते एवढंच म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक होतं रे."