वॉल्टर यांचं तपकिरी पाणी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी फॅक्टरीत होते. वॉल्टर सकाळी गेले होते. हृदय थांबलं, एवढंच नर्स म्हणाली. त्यांच्या फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून माझं नाव होतं, हे मला तेव्हाच कळलं... महिना झाला, तरी ते मनातून जात नाही. कारण या माणसाशी मी एकदा सरळसरळ खोटं बोलले होते.

वॉल्टर अमेरिकन चित्रकार. बायकोच्या शाळेतल्या नोकरीमुळे इथे, दुबईजवळच्या रास अल खैमाला आले आणि ती वारल्यावरही इथल्या बंदरासाठी राहिले. दुपार कलली की धक्क्यावर बसून लाकडी गलबतं रंगवायचे. आधी पेन्सिलीची रेघ नाही, थेट रंग. उजेड सरकायच्या आत चित्र पुरं. ‘पाणी नुसतं निळं कधीच नसतं,’ म्हणायचे, ‘त्यात आकाश असतं, लाकूड असतं, डिझेलसुद्धा असतं.’ मी मूळची रत्नागिरीची, बंदर दिसलं की पाय थांबतातच. टाइल्सच्या रंगाच्या शेड तपासायची माझी नोकरी आहे हे कळल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग आमचे कितीतरी रविवार तसेच गेले.

पुढे त्यांच्या चित्रातलं पाणी बदलू लागलं. आधी पिवळसर, मग तपकिरी. मोतीबिंदू वाढत होता. पण त्यांचा एक डोळा पूर्वीच्या ऑपरेशनमध्ये गेला होता, त्यामुळे उरलेल्याला ते कुणाला हात लावू देईनात. दुबई मरीनामध्ये प्रदर्शन ठरलं. दोन दिवस आधी त्यांनी सगळ्यात मोठं चित्र माझ्यापुढे ठेवलं. ‘तू रोज शेड पास करतेस. हे पाणी पास?’

चहाच्या रंगाचा समुद्र होता. मी म्हणाले, ‘पास.’

प्रदर्शनात लोक त्या चित्रापाशी थांबत, एकमेकांकडे बघत आणि पुढे जात. तेवढ्यात माझी आठ वर्षांची इरा खणखणीत आवाजात म्हणाली, ‘मम्मा, व्हाय इज द सी ब्राउन?’ वॉल्टर मागेच उभे होते.

परतीच्या वाटेवर गाडीत इरा झोपून गेली. त्यांच्या बिल्डिंगखाली मी गाडी थांबवली, तरी ते उतरेनात.

‘फॅक्टरीत अशी टाइल पास केली असतीस?’

‘नाही.’

‘मग मला का केलंस?’

उत्तराची वाट न बघता उतरून ते दार लावून गेले. त्यानंतर चार महिने फोन नाही, मेसेज नाही. धक्क्यावरची त्यांची जागा रिकामी. मी दोनदा दारापर्यंत जाऊन बेल न वाजवताच परत आले.

मग एका मंगळवारी फोन आला. ‘उद्या ऑपरेशन आहे. गाडी घेऊन येशील?’

ऑपरेशन थिएटरबाहेर बसले असताना मनात एकच... हाही डोळा गेला तर? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. वॉल्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ‘तुझी ओढणी निळी आहे,’ ते हळूच म्हणाले, ‘आणि तुझे केस पांढरे व्हायला लागलेत.’ मी रडता रडता हसले.

तिथून घरी न जाता त्यांनी मला गाडी बंदरावर न्यायला लावली. काळा चष्मा सावरत ते पाण्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘वॉल्टर, त्या दिवशी मी खोटं बोलले.’

‘मला तेव्हाच कळलं होतं. रंग दिसत नव्हता, पण तुझा आवाज ऐकू येत होता.’

‘मग चित्र लावलंत कशाला?’

‘तू पास म्हणालीस ना,’ ते म्हणाले. ‘मलाही तेच ऐकायचं होतं.’

त्यानंतर दोन हिवाळे त्यांनी रंगवलं. मला दाखवत, मी नापास करी, ते शिव्या घालत आणि पाणी पुन्हा रंगवत.

परवा त्यांच्या मुलीच्या सांगण्यावरून मी त्यांचा फ्लॅट रिकामा केला. सामान गेलं. भिंतीवर दिव्याच्या बटणाभोवती मात्र त्यांच्या बोटांचे ठसे राहिलेत, निळे, हिरवे, एकावर एक. घरमालक भला माणूस. म्हणाला, ‘मॅडम, दीवार रंगने कल पेंटर को भेज दूँ?’

मी म्हटलं, ‘इस हफ्ते नहीं.’