संयोजन : एमिल व्लासाक

लेकहर्स्टचा वाद्यवृंद एमिल व्लासाकला चोवीस वर्षं पाण्यात पाहत होता, आणि एमिलही त्या सत्तर जणांना तितक्याच मनापासून पाण्यात पाहत होता. दोन्ही बाजूंचं एकमत होतं ते फक्त एवढ्यावरच.

अमेरिकेतलं, एरी सरोवराकाठचं, टायरच्या कारखान्यांचं हे गाव. वाद्यवृंद एकच, पण त्याचे अवतार दोन. गुरुवारी काळे कोट, जर्मन सिंफनी आणि खोकलासुद्धा दाबून धरणारे श्रोते. शनिवारी त्याच सभागृहातल्या खुर्च्या काढून गोल टेबलं मांडायची, बिअर यायची, पॉपकॉर्न यायचं आणि संचालक म्हणून पांढरा कोट घालून एमिल यायचा. सिनेमातली गाणी, वॉल्ट्झ, लष्करी मार्च. डिसेंबरात तो लाल टोपी चढवायचा, मध्येच वळून लोकांना विनोद सांगायचा, पुढच्या टेबलावरच्या एखाद्या आजीला वर बोलावून तिच्या हातात संचालकाची छडी द्यायचा. गाव बेहद्द खूश. वाद्यवृंद तगला होता तो या शनिवारच्या गर्दीवर. वाजवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

"काय रे, पॉपकॉर्नवाला आला का?" पहिला क्लॅरिनेटवादक वेंडेल थॉर्प तालमीच्या आधी मुद्दाम मोठ्याने विचारायचा.

"आलाय. आणि तुझं पोट त्या पॉपकॉर्नवरच भरतंय, थॉर्प," एमिल तिथल्या तिथे परत करायचा.

एमिलचा बाप टायरच्या कारखान्यात होता आणि रविवारी स्लोव्हाक क्लबच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. एमिल तिथेच शिकला. पुढे सैन्याचा बँड, मग शाळेत बँडमास्तर. संगीत विद्यालयाची पायरी काही तो चढला नव्हता. समोरचे सत्तर जण मात्र मोठमोठ्या पदव्या भिंतीवर टांगून बसलेले. ते आपल्याला हसणार हे गृहीत धरूनच तो पहिल्या दिवशी तालमीला गेला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्यावर गुरकावला. ती सवय मग कधी सुटली नाही.

पण एक गोष्ट त्याची स्वतःची होती. शनिवारी वाजणारं जवळजवळ प्रत्येक गाणं सत्तर वाद्यांसाठी त्याने स्वतः बसवलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बायको आग्नेस शेजारी कोबीचे रोल वळत असताना, त्याने अशी दोनशेच्या वर संयोजनं लिहिली. प्रत्येक वादकाचा कागद आग्नेसने सुबक अक्षरात उतरवून काढायचा आणि वर उजव्या कोपऱ्यात लिहायचं, 'संयोजन : एमिल व्लासाक'.

"पांढरा कोट काय, उद्या दुसरा कुणीही घालेल," तो तिला म्हणायचा. "पण हे माझं. हे मागे राहणार."

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या वसंतात वाजवणाऱ्यांनी संचालकाबद्दलचे वार्षिक अर्ज भरले. त्यावर नाव लिहायचं नसतं, त्यामुळे हात सैल सुटतो. सत्तरातल्या अठ्ठावन्न जणांनी एमिलला सगळ्यात खालच्या रकान्यात बसवलं. आठवड्याभरात वाद्यवृंदाच्या कार्यकारी मंडळाचं चार ओळींचं पत्र आलं. आभार, शुभेच्छा आणि येत्या उन्हाळ्यापासून त्याच्या जागी ग्वेन हॅलोरन नावाची एकतीस वर्षांची बाई.

एमिल रडला नाही की भेटायला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याची पाववाली गाडी घेऊन तो सभागृहाच्या मागच्या दाराशी उभा राहिला. संयोजनं करारानुसार त्याची होती. खोकी भरून गाडीत चढवली. कागद सांभाळणारा माणूस नुसता बघत राहिला.

दोन दिवसांनी वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकबाईंचा फोन आला. "एमिल, असं काय करतोस? चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा बागेतला कार्यक्रम आहे. निम्मा तुझ्याच गाण्यांचा."

"निम्मा? मग निम्म्या वेळात लोकांना कणसं खाऊ दे."

बाई आठवडाभर गयावया करत राहिल्या. शेवटी एमिलने सहा संयोजनं द्यायचं कबूल केलं, पण अटी घालून. प्रत्येकाच्या आधी त्याचं नाव पुकारायचं, त्याला उभं करायचं, आणि कागद मिळतील ते कार्यक्रमाच्या सकाळी. "तालीम कसली? त्यांना सगळं पाठ आहे," तो म्हणाला. ग्वेनबाईची जरा तंतरावी, हा त्यात सरळ सरळ हेतू होता.

सहा गाणी काढायला त्याने खोकी उघडली. वाजवताना संचालकासमोर त्याची स्वतःची जाड वही असते. वादकांचे कागद तो कशाला बघतोय? चोवीस वर्षांत त्याने ते पहिल्यांदाच नीट पाहिले आणि त्याचं डोकं फिरलं. सगळीकडे पेन्सिल. 'इथे विदूषक उडी मारतो, वर बघू नका.' 'म्हातारा हात लवकर खाली आणतो, थांबा.' 'विनोद नंबर चार, डुलकी काढा.' व्हायोलिनच्या एका कागदावर लाल टोपीतलं गाढव काढलेलं.

"मेल्यांनो!" तो एवढ्या जोरात ओरडला, की आग्नेस धावत आली.

तिने चाळून पाहिलं. शेऱ्यांच्या आसपास बारीकसारीक खुणाही होत्या. स्वरांच्या डोक्यावर तीव्र-कोमलाची चिन्हं, बाण, फुल्या. "एमिल, शिव्या खोड हवं तर. पण हे बारीक काहीतरी त्यांच्या कामाचं असेल."

"काय कामाचं? माझ्या कागदांचा उकिरडा केलाय नुसता. सगळं खोडायचं. मी दिले तसे कोरे करकरीत जाऊ देत."

दोन आठवडे तो खोडत बसला. टेबलावर रबराचा भुगा साठला, बोटं दुखून आली, पण अंगात संताप होता तोवर हात चालला.

चार जुलैला दुपारी चारला बागेत अख्खं गाव जमलं. सॉसेजचा धूर, कणसं, झेंडे. निवेदकाने नाव पुकारलं, एमिल हॅट काढून उभा राहिला, टाळ्या झाल्या. गाणं सुरू झालं. दहा-बारा मात्रा झक्क गेल्या आणि मग काहीतरी किंचाळलं. पुन्हा सावरलं, पुन्हा किंचाळलं. 'बाईला झेपत नाहीये,' एमिल मनात म्हणाला आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. दुसऱ्या गाण्यातही तेच. तिसरं म्हणजे त्याचा लाडका संथ वॉल्ट्झ, आणि त्यात तर दर वळणावर कोणीतरी दगड मारत असल्यासारखं वाजत होतं. बाजूच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "एमिल, हे तू बसवलंस तेव्हा किती बिअर झाली होती?" सगळे हसले. त्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

मध्यंतरात तो तडक वादकांच्या तंबूत शिरला. थॉर्प सँडविच खात होता.

"मुद्दाम केलंत! माझं नाव गावासमोर धुळीला मिळवलंत!"

"उस्ताद, एकही स्वर मनाचा लावला नाही," थॉर्प शांतपणे म्हणाला. "कागदावर होतं तेच वाजवलं."

"खोटं! चोवीस वर्षं बरोबर वाजत होतं!"

"चोवीस वर्षं आम्ही दुरुस्त करून वाजवत होतो. पहिल्याच वर्षी मी हात वर करून विचारलं होतं, इथे स्वर कोमल हवा का म्हणून. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, अक्कल घरी ठेव आणि लिहिलंय ते वाजव. त्यानंतर हात कोणीच वर केला नाही. पेन्सिली काढल्या."

उरलेली तीन गाणी अजून वाजायची होती, तीही त्याच्या नावानिशी. या माणसांपुढे हात पसरायचा म्हणजे त्याला मरण होतं, पण त्याने पसरला.

"उरलेली तीन... पूर्वीसारखी वाजवा."

"वाजवू की." थॉर्पने खिशातून पेन्सिल काढली आणि पुढच्या गाण्याचा आपला कागद त्याच्यासमोर धरला. "कुठे काय चुकलंय तेवढं दाखवा."

एमिलने कागद आणि पेन्सिल हातात घेतली. आग्नेसचं सुबक अक्षर, त्याचे स्वतःचे स्वर. एकेका ओळीवरून तो नजर फिरवत गेला, खाली पोचला, परत वर आला. त्याला सगळं ठीकच दिसत होतं. पेन्सिल त्याच्या बोटांत तशीच राहिली.

थॉर्प हसला असता तर परवडलं असतं. तो हसला नाही. "द्या इकडे," म्हणाला आणि कागद काढून घेतला.

मध्यंतरानंतर तिन्ही गाणी स्वच्छ वाजली. सत्तर जणांना आठवत होतं. एमिल डोळे मिटून, जीव कानांत आणून ऐकत होता. यांनी कुठे काय बदललं ते एका जागी तरी सापडावं, एवढीच त्याची धडपड होती. शेवटचा स्वर थांबला तरी त्याला एकही जागा सापडली नव्हती.

लोक उठून उभे राहिले. निवेदकाने पुन्हा त्याचं नाव घेतलं.

"अरे, ऊठ ना," आग्नेसने कोपराने ढोसलं. "तुझ्यासाठी वाजवतायत टाळ्या."

"माझ्यासाठी नाहीत त्या," एमिल म्हणाला आणि बसून राहिला.