मायक्रोफोन हातात घेतल्यावर

मस्कतच्या एका शाळेत मी फ्रेंच शिकवायचे. पुण्यात परीक्षांवर परीक्षा देऊन शिकलेलं, व्याकरणात पक्कं असलेलं फ्रेंच. बोलायची वेळ फक्त वर्गात यायची, आणि तिथे मुलं माझ्यापेक्षा कच्ची.

एका फिल्म क्लबात जुने फ्रेंच सिनेमे दाखवत. क्लब चालवणाऱ्या फ्रेंच गृहस्थांचा गुरुवारी दुपारी फोन आला. संध्याकाळच्या हेरपटाची प्रत सबटायटल्सविना आली होती. "मॅडम, तुम्ही अधूनमधून इंग्रजीत सांगाल का? सोपी गोष्ट आहे."

मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं होतं. घरातून निघताना साडीही बदलली.

अल मवालेह भागातल्या आमच्या घरून आम्ही तिघं गेलो. मी, नवरा आणि बारा वर्षांची मुलगी. हॉल भरलेला. माझ्या वर्गातल्या काही मुली आईवडिलांना घेऊन आल्या होत्या. पडद्याशेजारी मला एक उंच स्टूल दिलं होतं.

पहिली दहा मिनिटं छान गेली. हॅट घातलेला गुप्तहेर बंदराच्या गावात उतरला, हॉटेलात खोली मागितली, किल्ली घेतली. मी सगळं सांगितलं. मग त्याने फोन उचलला आणि असा भराभर बोलत सुटला की मला दोनच शब्द सापडले, 'उद्या' आणि 'भाऊ'.

"त्याचा भाऊ उद्या येणार आहे," मी म्हणाले.

पुढे मोटारीत एक जाडा माणूस दोन मिनिटं दरडावून बोलला. मी म्हणाले, "तो नाही म्हणतोय." लोक हसले. हॉटेलात गाणारी गायिका रडायला लागली तेव्हा मी घाईने सांगून टाकलं की भावाला मारलं. पुढच्याच प्रसंगात तो भाऊ खुर्चीत बसून सिगरेट पेटवत होता. आता अख्खा हॉल हसला. माझ्या वर्गातल्या मुली हसल्या नाहीत, त्या मांडीकडे बघत होत्या. त्याचंच जास्त लागलं.

सिनेमा थांबवता येत नव्हता, एकामागून एक वाक्यं येतच होती. शेवटी मी मायक्रोफोनमध्ये म्हणाले, "माफ करा, मला कळत नाहीये."

मागून क्लबवाले ओरडले, "चालू ठेवा, मॅडम! जे दिसतंय ते सांगा."

जे दिसत होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं. गुप्तहेर गच्चीवरून पळतोय, हे मी काय सांगणार? मी मायक्रोफोन मांडीवर ठेवला. मुलगी वाकून पुढे आली आणि कुजबुजली, "आई, प्लीज, खाली ये ना." पण खाली यायचं तर पडद्यासमोरून जावं लागणार होतं. तासभर मी त्या स्टुलावर तशीच बसून राहिले.

सिनेमाच्या शेवटी धक्क्याला बोट उभी होती. गायिका गुप्तहेराला थांबून थांबून, एकेक शब्द सावकाश बोलली, आणि मला ते पूर्ण समजलं. मी मायक्रोफोन तोंडाशी नेला. आवाजच आला नाही. कुणीतरी तो कधीच बंद केला होता.

दिवे लागले. क्लबवाल्यांनी माझे आभार मानले, पण माझ्याकडे न बघता.

आम्ही गाडीत बसलो. मग नवरा म्हणाला, "अगं, त्यांनी आधी प्रत तरी द्यायला हवी होती."

"मी 'नाही' म्हणायला हवं होतं," मी म्हणाले.

मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "आई, लास्टला ती लेडी काय बोलली?"

"म्हणाली, तू जा. मी इथेच राहते."

"पण व्हाय? ती तर त्याला लव्ह करायची ना?"

ते गायिकेने आधी कुठेतरी सांगितलं असणार, जेव्हा मला काहीच कळत नव्हतं तेव्हा.

"माहीत नाही, बाळा," मी म्हणाले.