रंगवलेली पट्टी

सोलापुरातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. आमचे विज्ञानाचे सर वर्षातून एकदाच माझ्याशी गोड बोलतात, मिश्रणं वेगळी करायचा धडा आला की. माझे स्केचपेन घेतात, शर्टाला डाग पडू नये म्हणून कॉलरीत रुमाल खोचतात आणि गाळणकागदाची पट्टी रंगवायला बसतात. खाली काळा ठिपका, त्यावर गुलाबी, मग पिवळा, टोकाला निळा. खरं तर काळा ठिपका देऊन पट्टीचं टोक पाण्यात बुडवलं, की शाईतले रंग आपोआप वेगळे होत वर चढतात. पण तेवढा वेळ थांबतो कोण? सर ती रंगवलेली पट्टी वर्गात नाचवतात आणि 'कळलं की न्हाय?' असं विचारून उत्तराआधीच फळा पुसतात.

यंदा एका मुलीनं घरी हा प्रयोग खरोखर केला. तिचा पिवळा गुलाबीच्या खालीच राहिला. सरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या.

"तुजं चुकलंय की. पिवळा वर पायजे. परत करून आण."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "परत केलं सर, पुन्हा तसंच आलं. स्केचपेन देता का?"

तिनं पट्टी माझ्यासमोरच रंगवली, सरांच्यापेक्षा सुबक.

शाळा सुटताना सर तीच पट्टी मला कौतुकानं दाखवत होते. "बघा, नीट प्रयोग केला की बरोबर येतंय."