शेटचा हात आणि प्लगचे आटे

नामदेवनं चेनसॉ काउंटरवर ठेवला आणि माझ्या मागं बघत विचारलं, "शेट कुठायत?"

"जेवायला गेलेत. काय झालंय?"

"प्लग उडाला, वहिनी. लाकूड कापता कापता फाटकन बाहेर आला. पन शेट येऊ द्या, मंग सांगतो."

पारनेरला आमचं पंप, फवारणी यंत्रं आणि चेनसॉ दुरुस्तीचं दुकान आहे. शेट म्हणजे माझे मिस्टर. गल्ला आणि गिऱ्हाइकं ते सांभाळतात, हत्यारं मी. इंजिन मी उघडते आणि मीच जोडते. पण बोलबाला त्यांच्या हातगुणाचा. मशीन तयार झालं की गिऱ्हाईक म्हणतं, शेवटचा पाना शेटनीच फिरवावा, दोरीही त्यांनीच ओढावी. मशीन सुरू होतं, गिऱ्हाईक त्यांना हात जोडतं आणि माझ्या पोटात दुखतं. दरवेळी दुखतं.

बॅटरी मारून स्पार्क प्लगच्या भोकात पाहिलं. आटे गेले होते. आटे म्हणजे प्लग ज्यात फिरून बसतो त्या गोल खाचा. प्लग पोलादी, सिलिंडर ॲल्युमिनियमचा. जास्त आवळलं की मऊ धातू सोलून निघतो. मागच्या सर्व्हिसिंगला प्लग मी बसवला होता. त्यावर नामदेवच्या आग्रहाखातर शेटनी आणखी एक जोरदार पीळ दिला होता. माझ्या चांगलं लक्षात होतं, कारण त्या पिळाचंही कौतुक झालं होतं.

मॉडेल जुनं, कंपनीनं बंद केलेलं. नवा सिलिंडर मिळत नाही. उपाय एकच. भोक थोडं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्प्रिंगसारखी स्टीलची इन्सर्ट बसवायची. प्लग मग त्या इन्सर्टमध्ये बसतो. पण हे एकदाच जमतं. पुन्हा आटे गेले तर पकडायला धातूच उरत नाही, आणि नामदेवचं घर या मशीनवर चालतं.

सिलिंडर उतरवला, म्हणजे चुरा इंजिनात पडत नाही. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस लावलं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असं करत आटे पाडले. इन्सर्ट बसली. सगळं जोडलं, नवा प्लग आवळला. इतकं सरळ काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. नामदेव सगळा वेळ दाराकडं बघत बसला होता.

शेट जेवून, झोप काढून आले. "झालं का? आन पाना."

"पाना देणार नाही," मी म्हणाले.

"वहिनी, शेटचा हात लागू द्या की," नामदेव कळवळला.

"मागच्या वेळी लागला होता. आटे त्यामुळंच गेले."

मला वाटलं, आता हे मला गिऱ्हाइकासमोर झापणार. शेटनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"व्हय नामदेव, तिचं खरं हाय. माझाच पीळ जादा झाला. आता तिनं बसवलाय तसाच राहू दे."

मला खरंच बरं वाटलं. त्या भरात मी म्हणाले, "दोरी तेवढी ओढा."

शेटनी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं.

नामदेवचा चेहरा फुलला. "बगा वहिनी, शेवटी शेटचाच हात लागला. लई यश हाय त्यांच्या हाताला." आणि त्यानं शेटना हात जोडले.

मशीन आजही चालतंय. त्याबद्दल शेटना सीताफळांची पाटी आली. मीही खाल्ली. गोड निघाली, म्हणून जास्तच राग आला.

शिकायचं एवढंच. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवावा, मग पान्यानं अर्धा फेरा. त्यापुढचा जोर बघणाऱ्यांसाठी असतो. माझं काम कुणी बघत नाही, म्हणून माझे आटे टिकतात.